सहा दिवसांत चौतीस ठिकाणं, आणि माझा गुडघा

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई कोथरूडच्या, वय ५६. लग्नाला यंदा ३० वर्षं झाली, मिस्टर मार्चमध्ये रिटायर झाले, आणि दिवाळी आटोपली की नोव्हेंबरमध्ये दोघंच सहा दिवस रोमला जाणार आहेत. विमानाची तिकिटं काढून झालीत. मिस्टरांना इतिहासाचं वेड, त्यांनी एक्सेलमध्ये सहा दिवसांत चौतीस ठिकाणं बसवलीत, सकाळी साडेसात ते रात्री आठ, मध्ये जेवणाला चाळीस मिनिटं. ताईंचा उजवा गुडघा दोन वर्षं दुखतोय, पायऱ्या उतरताना जास्त, पण हे त्यांनी घरात नीटसं सांगितलेलंच नाही. गेल्या वर्षी हंपीला मातंग टेकडी त्या तशाच चढल्या-उतरल्या आणि परतीच्या बसमध्ये रात्रभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मुलगा म्हणतो ग्रुप टूरने जा. ताईंना वाटतं की आपल्याला इतिहासातलं काही कळत नाही, ह्यांचं स्वप्न आपण का मोडायचं, तर ह्यांनी मित्राला घेऊन जावं किंवा आपण गोळ्या घेऊन गुपचूप चालावं. ह्यातलं काय बरं, असा प्रश्न आहे.

ताई,

तुमचं पत्र वाचायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की हा गुडघ्याचा प्रश्न आहे, पण मधेच तुम्ही एक ओळ लिहिलीत तिथे मी थांबले. त्या एक्सेलमध्ये 'हिच्यासाठी' असा एक वेगळा कॉलम आहे आणि त्यात शॉपिंग आणि आईस्क्रीम एवढंच लिहिलंय, आणि ते बघून तुम्हाला रडू आलं. मला वाटतं खरं दुखणं तिथे आहे. तीस वर्षांच्या संसारानंतर आपल्या माणसाला आपल्याबद्दल एवढंच माहिती आहे का, असं तुम्हाला वाटलं असणार, आणि कुणालाही वाटलं असतं. पण ताई, त्याच पत्रात दोन पानं पुढे तुम्ही लिहिलंय की लहानपणी मावशीकडच्या कॅलेंडरवर आईच्या मांडीवरचा येशू बघितला होता, तो पुतळा एकदा डोळ्यांनी बघायचाय, आणि तो जिथे आहे त्या सेंट पीटर्सला, म्हणजे व्हॅटिकनमधल्या मोठ्या चर्चला, एक्सेलमध्ये सगळी मिळून वीस मिनिटं आहेत. हे तुम्ही मला लिहिलंत. मिस्टरांना कधी सांगितलंत का? पत्रावरून तरी नाही सांगितलेलं दिसत. मग त्या बिचाऱ्या माणसाने कॉलममध्ये दुसरं काय लिहायचं, त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं, आणि कॉलम केला म्हणजे तुमची आठवण ठेवूनच केला ना.

हे मी त्यांची बाजू घ्यायला म्हणत नाहीये. सकाळी साडेसात ते रात्री आठ हा कार्यक्रम कुठल्याच छप्पन्न वर्षांच्या गुडघ्याला झेपणारा नाही, आणि खरं सांगायचं तर एकसष्ट वर्षांच्या माणसालाही नाही, तिसऱ्या दिवशी त्यांचेही पाय बोलायला लागतील. मला एवढंच म्हणायचंय की तुम्ही दोन पर्याय माझ्यापुढे ठेवलेत, गप्प बसून जायचं किंवा गप्प बसून घरी राहायचं, आणि दोन्हीत गप्प बसणं आहेच. ते आधी काढून टाकू आणि मग बाकीचं बघू.

पहिलं, गोळ्या घेऊन चालायचा विचार सोडून द्या. पेनकिलर रोज सहा दिवस पोटात ढकलायच्या, त्यात बीपी किंवा ॲसिडिटी असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचंच नाही, आणि गोळीने दुखणं कळत नाही म्हणून माणूस नको तेवढं चालतो आणि मग चौथ्या दिवशी पाय सुजतो. अजून हातात वेळ आहे, ऑर्थोपेडिककडे आत्ताच जाऊन या, फिजिओथेरपी सांगितली तर सुरू करा, दोन-तीन महिन्यांत मांडीच्या स्नायूंना व्यायामाने बराच फरक पडू शकतो. घडीची काठी घ्या, लाजू नका. आणि प्रवासाचा विमा शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसासाठी, तसाही लागतोच, निदान ३०,००० युरोचं कव्हर असलेला, तर तो काढताना जुन्या दुखण्यांचं काय लिहिलंय ते मिस्टरांबरोबर बसून वाचा. गुडघ्याचा विषय घरात काढायला हे निमित्तही चांगलं आहे.

आता ग्रुप टूर. मुलगा काळजीने सांगतोय, आणि ज्यांना भाषेची किंवा जेवणाची भीती असते त्यांना ग्रुपमध्ये खरंच निवांत वाटतं, बरोबर मराठी बोलणारं कुणीतरी असतं, संध्याकाळी वरण-भात मिळतो. पण तुमची अडचण वेगाची आहे, आणि ग्रुपचा वेग तर कुणाच्याच हातात नसतो. शिवाय रोमच्या जुन्या भागात मोठी बस आतपर्यंत जात नाही, उतरून चालावं लागतंच, तेही झेंड्यामागे आणि चाळीस माणसांबरोबर. म्हणून तुमच्यासाठी मला तो उपाय पटत नाही. एखाद्या ठिकाणापुरता अर्ध्या दिवसाचा गाईड घेणं वेगळं, ते कलोसियमला, म्हणजे तिथल्या प्राचीन प्रेक्षागृहाला, किंवा व्हॅटिकनला जरूर करा, मिस्टरांना प्रश्न विचारायला माणूस मिळेल आणि तुमच्यावर सगळं ऐकून घ्यायची सक्ती राहणार नाही.

आणि मित्राला पाठवायचं म्हणाल तर, तुम्हाला मनापासून जायचं नसेल तर नका जाऊ, त्यात काही वाईट नाही, पण ज्या बाईला पन्नास वर्षं एक पुतळा बघायचाय तिला जायचं नाहीये असं मी कसं मानू?

तर जायचं. दोघांनी जायचं. फक्त दोघांनी सगळा वेळ बरोबर राहिलंच पाहिजे हे कुणी ठरवलं? आपल्याकडे जोडीने देवाला जातात तसं जोडीने सगळं बघायचं ही आपली एक समजूत आहे, आणि नवरा-बायको परदेशात वेगवेगळे फिरताना दिसले तर भांडण झालंय असंच लोकांना वाटतं. पण तुमचं भांडण हंपीला झालं ते दिवसभर बरोबर राहून झालं ना. त्या ऐवजी तुम्ही नदीवर बसला असतात आणि ते टेकडीवर गेले असते तर संध्याकाळी दोघांकडे एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. तुम्ही हंपीबद्दल जे लिहिलंय त्यात देवळांचं एक वाक्य आहे आणि तुंगभद्रेच्या घाटावर कपडे धुणाऱ्या बायका, गोल होडीत बसलेली म्हातारी, तिने तुम्हाला दिलेला पेरू, ह्याचं अर्धं पान आहे. हे बघणंच आहे, ताई. इतिहास कळत नाही म्हणून स्वतःला खाली ठेवू नका.

बरं, इतिहासाचंही बघू, कारण तुम्ही पत्रात विचारलंय की रोमचा आणि आपला संबंध काय. हा प्रश्न फार चांगला आहे आणि तो मी तुम्हाला मिस्टरांनाच विचारायला सांगणार आहे, पण थोडं मी सांगते. रोममध्ये कलोसियमचं बांधकाम इसवी सन ७० नंतर सुरू झालं आणि ८० साली ते खुलं झालं. साधारण त्याच शतकाच्या आगेमागे आपल्या लोणावळ्याजवळ कार्ल्याचा मोठा चैत्य कोरला जात होता, आणि तिथल्या खांबांवर ज्यांनी दान दिलं त्यांची नावं कोरली आहेत, त्यातले काहीजण स्वतःला यवन म्हणवतात, म्हणजे पश्चिमेकडच्या व्यापाराशी जोडलेली माणसं इथे घाटावर दानधर्म करत होती. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली, ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. आणि रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक तक्रार करत होता की दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, भारताकडे जातात. इकडचे मिरे, कापड, मोती ह्यांची तिथल्या श्रीमंतांना एवढी आवड होती. हे तुम्ही रात्री जेवताना मिस्टरांसमोर काढा आणि बघा ते किती वेळ बोलतात. त्यांना खरं तर ऐकणारं माणूस हवंय. चौतीस ठिकाणं पळत पळत करताना ऐकायला कुणाला वेळ असतो?

आता त्या एक्सेलला हात घालू. मला वाटतं मिस्टरांच्या डोक्यात 'एकदाच जाणार आहोत' हे आहे, रिटायर झाल्यावरचा खर्च आहे, पैसे वसूल व्हायला हवेत, आणि काहीतरी राहून गेलं तर हळहळ वाटेल ह्याची भीती आहे. ह्याला हट्टीपणा म्हणू नका, ती खरंच भीती आहे, आणि 'एवढं कुठे जमणार आहे' म्हटलं की भीती आणखी वाढते. त्यापेक्षा त्यांना विचारा की ह्या चौतीसातली पाच अशी सांगा जी बघितली नाहीत तर विमानात बसताना तुम्हाला वाईट वाटेल. तुम्हीही तुमची पाच लिहा. शॉपिंग लिहायचं नाही, खरं लिहायचं. दहामधली तीन-चार तरी सारखी निघतील, ती दोघांची. बाकी ज्याची त्याची.

आणि त्यांना हेही दाखवा की रोममध्ये वेळ बांधून आधी बुक करावं लागतं अशी मोठी ठिकाणं मुळात थोडीच आहेत. कलोसियम एक. त्याची तिकिटं अधिकृत साइटवर ३० दिवस आधी खुली होतात, तिकिटावर नाव असतं आणि दारात पासपोर्ट बघतात, त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि शेजारची पॅलेटाइन टेकडीही येते. व्हॅटिकन म्युझियम्स दुसरं, ते रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या रविवारी फुकट असल्यामुळे गर्दी इतकी असते की तुम्ही त्या वाटेला जाऊच नका. बोर्गेझे गॅलरी तिसरं, तिथे दोन-दोन तासांचे स्लॉट असतात, बुकिंगशिवाय चालत नाही आणि सोमवारी बंद. हे तीन दगड आधी ठेवायचे, एका दिवशी एकच, आणि उरलेले तीन दिवस मोकळे. उरलेलं बहुतेक रोम तर रस्त्यावर आणि चर्चमध्येच आहे, फुकट किंवा थोड्या पैशांत बघायचं.

शिवाय नोव्हेंबर आहे, ताई, हे एक्सेलमध्ये धरलेलं दिसत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात, मग पाचच्या आसपास अंधार पडतो आणि कलोसियम साडेचारला बंद होतं, शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी एक तास. म्हणजे संध्याकाळी सहाला पॅलेटाइन वगैरे जे लिहिलंय ते होणारच नाही. पाऊसही त्या महिन्यात बऱ्यापैकी असतो आणि रोमच्या जुन्या गल्ल्यांत ते छोटे काळे चौकोनी दगड बसवलेले आहेत, ओले झाले की घसरतात आणि कोरडे असले तरी पावलाला सपाट जागा मिळत नाही. नवीन बूट तिथे जाऊन पहिल्यांदा घालू नका, इथेच महिनाभर वापरून पायात बसू द्या.

आता एखादा दिवस कसा जाईल ते सांगते म्हणजे तुम्हाला डोळ्यासमोर येईल. कलोसियमचा दिवस घ्या. सकाळचा स्लॉट, दोघं बरोबर. आतल्या पायऱ्या उंच आहेत पण वर जायला लिफ्ट आहे, चालायला त्रास होतो म्हणून सरळ सांगायचं आणि विचारायचं. दीड-दोन तास तिथे झाले की मिस्टर फोरम आणि पॅलेटाइनला जातील, तिथे वर-खाली खूप आहे, प्राचीन रस्त्याचे मोठे ओबडधोबड दगड आहेत आणि सावली कमी. तुम्ही तिकडे जाऊ नका. कलोसियमपासून थोड्याच अंतरावर सॅन क्लेमेंते म्हणून चर्च आहे, बाराव्या शतकातलं, आत अर्धगोल छतावर सोनेरी मोझेक आहे, वेलींचं नक्षीकाम, त्यात पक्षी, हरणं, माणसं, आणि बसायला बाक. त्याच्या खाली चौथ्या शतकातलं चर्च आणि त्याच्याही खाली रोमन काळातलं मिथ्र देवाचं ठिकाण आहे, पण खाली जायला जिना आणि तिकीट आहे, ते मिस्टरांसाठी सोडा. तुम्ही वर बसा, हवं तेवढा वेळ. एक लक्षात ठेवा की रोममधली बरीच चर्चेस दुपारी साडेबारा-एकपासून तीन-चारपर्यंत बंद असतात, तेव्हा तो वेळ जेवण आणि हॉटेलवर जाऊन वामकुक्षीला ठेवा, दोघांनीही. मग दिवस मावळायच्या आधी टॅक्सी करून कापितोलिन टेकडीवर जा, तिथल्या चौकाच्या मागच्या बाजूला कठडा आहे आणि तिथून सगळा फोरम खाली पसरलेला दिसतो, तिकीट लागत नाही. मिस्टर दुपारी जिथे फिरले ते तुम्हाला वरून बोट करून दाखवतील, हे सॅटर्नचं देऊळ, ते तिकडे वेस्टाचं, आणि त्यांना ते सांगायला इतकं आवडेल की तुम्ही खाली आला नाहीत ह्याचं त्यांना काही वाटणार नाही.

तुमच्या पुतळ्याचं मात्र आधी ठरवा. सेंट पीटर्स सकाळी सातला उघडतं, प्रवेशाला पैसे नाहीत, आणि त्या वेळी सिक्युरिटीची रांग छोटी असते, नऊनंतर ती चौकभर वळसे घेते. बुधवार टाळा, त्या दिवशी सकाळी पोपचं दर्शन असतं आणि सगळं वेळापत्रक बदलतं. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत, साडी किंवा पंजाबी ड्रेस अगदी चालतो. आत शिरलात की उजव्या हाताला पहिल्याच कोनाड्यात तुमचा तो पुतळा, पिएता, आहे. शिल्पकार मायकेलअँजेलोने तो केला तेव्हा तो विशी-पंचविशीतला होता, पंधराव्या शतकाच्या अगदी शेवटी, आणि १९७२ मध्ये एका माणसाने त्यावर हातोडा चालवला तेव्हापासून तो काचेच्या मागे आहे, म्हणून थोडा लांबून दिसतो, हे आधीच माहिती असलेलं बरं. सकाळी लवकर गेलात तर पुढे उभं राहायला जागा मिळते. वीस मिनिटं नाही, मनासारखं होईपर्यंत. त्या वेळात मिस्टरांना घुमटावर पाठवा. पूर्ण पायी ५५१ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट घेतली तरी पुढे ३२० चढाव्याच लागतात, शेवटच्या तर अरुंद आणि तिरक्या, तुम्ही त्या लिफ्टच्या भरवशावर अजिबात जाऊ नका. बाहेर चौकात बर्निनी ह्या शिल्पकाराच्या खांबांच्या ओळीखाली भेटायचं ठरवा, पण '२८४ खांबांपैकी कुठेतरी' नको, नेमकी जागा ठरवा.

सिस्टीन चॅपेलला, म्हणजे मायकेलअँजेलोने छत रंगवलेल्या प्रार्थनागृहाला, पोचायला व्हॅटिकन म्युझियमच्या लांबच लांब दालनांतून जावं लागतं, म्हणून त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. आत भिंतीला लागून बाक आहेत, जागा मिळेपर्यंत थांबा आणि बसूनच वर बघा, १५०८ ते १५१२ ह्या चार वर्षांत त्याने ते छत रंगवलं, उभ्याने मान वर करून पाच मिनिटांत काही दिसत नाही. फोटो काढायला बंदी आहे, ते एका परीने बरंच आहे.

मोकळ्या दिवसांतला एक दिवस तुमच्या हातात घ्या, मिस्टरांना म्हणा आज मी नेते. पँथिऑन हे प्राचीन रोमन देऊळ, पियात्सा नवोना हा चौक आणि मधल्या गल्ल्या, हा सगळा भाग सपाट आहे आणि अंतरं दहा मिनिटांच्या आतली. पँथिऑनला आता तिकीट लागतं, घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या थोडा वर, आणि मध्यभागी उघडं गोल भोक, पाऊस आला तर आत पडतो आणि जमिनीतल्या छोट्या भोकांतून वाहून जातो, पाऊस असेल त्या दिवशी मुद्दाम जा. जवळच एका चर्चसमोर पाठीवर दगडी स्तंभ घेतलेला बर्निनीचा हत्ती आहे, १६६७ चा. नवोनाच्या कारंज्यात चार खंडांतल्या चार नद्या पुरुषांच्या रूपात बसल्यात आणि त्यातली एक आपली गंगा आहे, हातात वल्हं घेतलेली. तिथे चौकात दगडी बाक आहेत. आणि वाटेवर सॅन लुइजी दे फ्रान्चेझी चर्चमध्ये काराव्हाजो ह्या चित्रकाराची सेंट मॅथ्यूवरची तीन मोठी चित्रं आहेत, फुकट, अंधारात असतात, बाजूच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, म्हणून सुटे युरो पर्समध्ये ठेवा.

पर्सवरून आठवलं, आणि हे मी वाचणाऱ्या सगळ्या बायकांना सांगतेय. तुमचे पैसे तुमच्या पर्समध्ये हवेत. आपल्या पिढीत परदेशात गेलं की पाकीट, पासपोर्ट, कार्ड, इंटरनेटचा फोन सगळं एकाकडे असतं आणि दुसरी व्यक्ती पाण्याच्या बाटलीसाठीही त्याच्या तोंडाकडे बघते. तुम्हाला एक तास वेगळं फिरायचं असेल तर तुमच्याकडे तुमचं कार्ड, थोडे रोख युरो, तुमचं सिम किंवा ई-सिम, हॉटेलचा पत्ता कागदावर, आणि तुमच्या तिकिटाची कॉपी तुमच्याच फोनमध्ये हवी. इंग्लिश अडखळतं म्हणून घाबरू नका, तिथल्या लोकांचंही अडखळतं, बोट दाखवून सगळं होतं. काही झालं तर ११२ हा नंबर. टर्मिनी स्टेशन आणि व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस इथे खिसेकापू फार, पर्स पुढे धरायची एवढंच. साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालतं, आणि बसमध्ये चढलं की ते मशीनवर लावायला विसरायचं नाही.

बसायच्या बाबतीत दोन गोष्टी. स्पॅनिश स्टेप्स ह्या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो, फोटोत सगळे बसलेले दिसतात म्हणून फसू नका. आणि कॅफेत उभ्याने काउंटरवर कॉफी घेतली तर स्वस्त, टेबलावर बसलं की महाग, कधी कधी दुपटीहून जास्त. मिस्टर म्हणतील उभ्यानेच घेऊ. तुम्ही बसा. सहा दिवसांत टेबलाचे जेवढे जास्तीचे पैसे जातील तेवढे तुमच्या गुडघ्याचे म्हणून आधीच बाजूला काढून ठेवा, म्हणजे दर वेळी चर्चा नको. बाथरूमची सोयही तशीच होते. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, सतत वाहणारे, पाणी चांगलं पिण्याचं असतं.

खाण्याचं थोडक्यात, कारण तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय. पिझ्झा मार्गारिटा, कापून वजनावर मिळणारा पिझ्झा, आर्टिचोकच्या भाज्या, टोमॅटोचा पास्ता हे सगळीकडे. पण कडक शाकाहारी असाल तर पेकोरीनो आणि पार्मेझान ही चीजं प्राण्याच्या रेनेटने, म्हणजे वासरा-कोकरांच्या पोटातून काढलेल्या, दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने बनतात, हे जाणून ठरवा. तांदळाची तळलेली सुप्ली दिसायला आपल्या वड्यासारखी, आत बरेचदा मांसाचा रस्सा असतो, विचारून घ्या. इथून बाकरवडी, चिवडा, थालीपिठाची भाजणी न्या, पण पेढे, बर्फी, तूप नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हॉटेल बुक करताना लिफ्ट आहे का ते लेखी विचारा, जुन्या इमारती आहेत आणि तिथला पहिला मजला म्हणजे एक जिना वर.

हे सगळं फक्त गुडघ्यावाल्यांसाठी नाहीये. मला असं विचारणारे पुरुषही असतात, बायकोला सगळं बघायचंय आणि त्यांना दुपारी झोप हवी असते. नवीन लग्न झालेलेही विचारतात, एकाला म्युझियम आणि एकाला नुसतं फिरायचं असतं. आई-वडिलांना घेऊन जाणारे तर खूप. त्या सगळ्यांना मी हेच सांगेन की दिवसाला एक गोष्ट दोघांची, एक गोष्ट ज्याची त्याची, आणि दुपारी विश्रांती, मग वय काहीही असो.

आता राहिलं सांगायचं कसं. ते लॅपटॉपवर बसलेले असताना नको, तेव्हा तुम्ही काही बोललात की ते त्यांना एक्सेलवरची टीका वाटेल. त्यापेक्षा एका रविवारी सकाळी त्यांना म्हणा, चला, रोमची प्रॅक्टिस करू. मेट्रोने मंडईला उतरा, तुळशीबागेतल्या रामाला जा, विश्रामबागवाडा बघा, तिथून केळकर म्युझियम, मग उलटं येऊन कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा. वेळ लावा. तुमच्या पायाला कुठे थांबावंसं वाटलं, किती वेळ बसावं लागलं, ते दोघांच्या लक्षात येईल. केळकर म्युझियममध्ये ते वरचे मजले बघतील, तुम्ही खाली थांबा, वीस मिनिटांनी भेटायचं, तेही करून बघा. आणि मग कुठेतरी मिसळ खाताना सांगा, अहो, माझा गुडघा उतरताना फार दुखतो, हंपीला मी बोलले नाही, रोमला मला तुमच्याबरोबर यायचंय म्हणून आधीच सांगतेय. आणि मला तो आईच्या मांडीवरचा येशू बघायचाय, त्याला सकाळ लागेल. एवढंच. गेल्या वर्षीच्या टेकडीचा हिशेब काढू नका, 'तुम्हाला कधी दिसलंच नाही' हे वाक्य तर नकोच, कारण दिसू नये म्हणून तुम्हीच तर एवढी मेहनत घेतलीत.

ते पहिल्यांदा रागावतील कदाचित. राग बहुतेक ह्याचा असेल की तीस वर्षांच्या बायकोने दोन वर्षं दुखणं लपवलं. तो येऊ दे, लगेच घाबरून 'जाऊ दे, मी चालेन' म्हणू नका. दोन दिवस जाऊ द्या आणि मग पाच-पाच ठिकाणांचा कागद काढा. त्यांनी पाचच्या ऐवजी नऊ लिहिली तरी चालतील, चार ते एकटे बघतील.

कलोसियमची तिकिटं खुली व्हायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, पेठेतली फेरी आणि हे बोलणं त्याच्या निदान दोन आठवडे आधी व्हायला हवं. तिकिटं काढताना दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच घाला, तुमचं लग्नानंतरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर विशेष बघून. स्लॉट दहाचा घ्या, साडेसातचा नाश्ता घाईत होणार नाही.